ती नाव, ते नाव

मराठीत ‘नाव’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. स्त्रीलिंगी नाव पाण्यावर चालते. नपुंसकलिंगी नाव बारशाच्या दिवशी कानात सांगितले जाते आणि माणूस गेल्यावरही काही काळ मागे राहते. दोहोंची कुळे वेगळी आहेत. एक ‘नौ’पासून आले, दुसरे ‘नामन्’पासून, कालौघात उच्चार तेवढा एक झाला. एरवी हा भाषेतला साधा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. परंतु ज्याला समुद्रावर मरण आले त्याच्या बाबतीत हे दोन शब्द एकमेकांसमोर येऊन उभे ठाकतात. ती नाव बुडाली की त्या माणसाचे किनाऱ्यावर उरते ते केवळ ते नाव. देह नाही, अस्थी नाहीत, फूल वाहावे अशी जागा नाही. समुद्र स्वतःच्या पाठीवर कोणतीही खूण राहू देत नाही. म्हणून बुडालेल्यांच्या स्मारकाचा प्रश्न शिल्पाचा किंवा वास्तूचा होण्याआधी नावाचा असतो. ते कोणी लिहून ठेवले, कोणत्या लिपीत लिहिले आणि कोणाच्या दृष्टीस पडेल अशा जागी ठेवले, एवढ्या तीन गोष्टींत त्या प्रश्नाचे सारे मर्म सामावलेले आहे.

हा प्रश्न रायपुरात बसून विचारावा, हे वरवर पाहता विचित्र वाटेल. छत्तीसगडला कोणत्याही बाजूने समुद्र शिवत नाही. रतनपूरचे राज्य १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या प्रभावाखाली आले, १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहू लागले, आणि १८५४ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. त्या काळापासून येथे मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. पुढे मध्यप्रांताच्या कचेऱ्या, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने आणखी घरे आली, महाराष्ट्र मंडळासारखी संस्था उभी राहिली. या घरांत समुद्र पोहोचतो तो पाठ्यपुस्तकांतून, कोकणच्या पार्श्वभूमीवरील कादंबऱ्यांतून आणि नारळी पौर्णिमेच्या नारळीभातातून. त्याचे भय मात्र पोहोचत नाही. ‘दर्यात गेला’ हे दोन शब्द रत्नागिरीच्या एखाद्या अंगणात उच्चारले तर ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो; रायपुरात ते नुसते शब्द राहतात.

तरीही समुद्रापासून दूर असणे म्हणजे समुद्राचे काहीच देणे नसणे, असे समजणे चुकीचे ठरेल. मध्यप्रांताला पूर्व किनाऱ्यावर बंदर मिळावे, येथील खनिजांना जवळची वाट मिळावी, या हेतूने रायपूर ते विजयनगरम् हा रेल्वेमार्ग घातला गेला आणि १९३०च्या दशकाच्या प्रारंभी तो पुरा झाला. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी विशाखापट्टणम्‌च्या नव्या बंदरात पहिले सागरी जहाज शिरले. ते सिंदिया कंपनीचे ‘जलदुर्गा’ होते. तेव्हापासून रायपूर हे एका अर्थाने त्या बंदराचे परसदार झाले. पाचशेहून अधिक किलोमीटरांच्या त्या लोहमार्गाने या प्रदेशातले धान्य आणि खनिज खाली उतरते. भिलाईच्या भट्ट्यांना लागणारा परदेशी कोळसा विशाखापट्टणम्‌सारख्या बंदरांतून वर चढतो. त्यातली प्रत्येक खेप कोणीतरी माणसांनी समुद्रावरून वाहून नेलेली वा आणलेली असते. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणम्‌वर बॉम्ब टाकले, आणि त्याच आठवड्यात जपानी युद्धनौकांनी बंगालच्या उपसागरात वीसहून अधिक व्यापारी जहाजे बुडविली. ज्या बंदरासाठी रायपूरहून रूळ टाकले गेले, त्या बंदराच्या समोरच्या पाण्यात घडलेली ही गोष्ट आहे. भूप्रदेश समुद्राला पाठ करून बसला तरी त्याचा संसार समुद्रावरच्या माणसांच्या हाती असतो, हे यातून पुरेसे स्पष्ट व्हावे.

ज्याचा देह सापडला नाही अशा मृताचे काय करायचे, या प्रश्नाने सर्व धर्मांना विचारात पाडले आहे. हिंदू धर्मशास्त्राने त्यासाठी पालाशविधी सांगितला. पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ घेऊन त्यांची मनुष्याकृती मांडायची, मस्तकाला किती, बाहूंना किती, छातीला किती याची गणना ठरलेली. मग त्या आकृतीलाच अस्थी मानून अग्नी द्यायचा. छत्तीसगडच्या रानात फाल्गुनात जो पेटल्यासारखा दिसतो, ज्याला इथल्या बोलीत परसा म्हणतात, तोच हा पळस. बुडालेल्या कोकणी माणसाचे शरीर ज्या देठांनी रचावे ते देठ या समुद्रहीन प्रदेशात अमाप उगवतात, ही केवळ निसर्गाची गंमत म्हणता येईल. पण तिच्यात एक सूचन आहे. कोकणी मुसलमान ज्या शाफिई परंपरेचे आहेत, तिच्यात दूर देशी मरण पावलेल्यासाठी, देह समोर नसताना, जनाज्याची नमाज अदा करण्यास मुभा आहे. गोव्याचा ख्रिस्ती समाज अशा मृतासाठी मिस्सा अर्पण करतो. तिन्ही ठिकाणी मन एकच काम करीत असते: नसलेल्या देहाच्या जागी काहीतरी असलेले आणून ठेवणे, आणि त्याच्याभोवती चार माणसांनी जमणे.

कायद्यालाही या प्रश्नाचा सामना करावा लागला. सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो, असे १८७२च्या पुरावा अधिनियमाने ठरविले. २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तोच नियम राखला. सात वर्षे ही कायद्याच्या पुस्तकातली संख्या आहे. बंदरावरच्या एखाद्या घरात ती सात नारळी पौर्णिमांची, कपाळावर कुंकू ठेवावे की पुसावे हे न ठरलेल्या सात वर्षांची संख्या असते. घरातला विधी अखेर उरकतो, कायद्याचा कागद अखेर मिळतो. परंतु त्या दोहोंचे साक्षीदार घरचे आणि कचेरीचेच राहतात. ज्या समाजाचा माल वाहताना माणूस गेला, त्या समाजाने आपला असा वेगळा विधी केला का, हा प्रश्न उरतोच. सार्वजनिक स्मारक हा तो विधी होय.

पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यावरच्या ज्या खलाशांविषयी हे म्हणायचे, त्यांना इंग्रजी अमदानीत ‘लस्कर’ म्हणत. मूळ फारसी ‘लश्कर’. मराठीने तो शब्द सैन्यासाठी ठेवला, इंग्रजांनी जहाजावरच्या देशी नोकरांसाठी. आणि ज्यांना असे सैन्याचे नाव मिळाले त्यांना सैनिकाचा मान मात्र मिळाला नाही. त्यांच्यात सारंग, तांडेल, खलाशी, आगवाला, भंडारी अशी उतरंड होती. मुंबई बंदरात रत्नागिरीचे आणि जंजिऱ्याकडचे कोकणी मुसलमान, कच्छ-काठियावाडचे नाखवे, आणि खानपानाच्या कामासाठी गोव्याचे ख्रिस्ती भरती होत. कलकत्त्यास सिल्हेट, नोआखाली, चितगाव येथील बंगाली. मुंबईत धोबीतलाव आणि माझगावच्या परिसरात गोव्याच्या एकेका गावाने चालविलेले ‘कूड’ होते. दोन सफरींच्या मधले दिवस तेथे गावच्या संताच्या वेदीसमोर, एका पेटीच्या जागेत काढायचे. युरोपीय खलाशाला जे वेतन मिळे, त्याच्या पंचमांश ते तृतीयांश इतक्यावर लस्कर राबत. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश बंदरांतील अनेक लस्करांनी वेतनवाढीसाठी काम थांबविले, त्यांतले काही तुरुंगात गेले.

१७ सप्टेंबर १९४० रोजी रात्री ‘सिटी ऑफ बनारस’ हे प्रवासी जहाज अटलांटिक महासागरात पाणतीराने बुडाले. इंग्लंडमधील बॉम्बवर्षावापासून दूर नेण्यासाठी त्यावर नव्वद मुले चढविली होती. त्यांतली सत्याहत्तर दगावली. ब्रिटनमध्ये त्या मुलांची स्मृती सांभाळली गेली, आणि ते योग्यच झाले. परंतु त्याच जहाजावर, त्याच थंडगार पाण्यात, शंभराच्या आसपास हिंदी खलाशीही मेले. काशीचे नाव धारण करणाऱ्या त्या जहाजाची कथा सांगताना हा दुसरा आकडा बहुधा वाक्याच्या शेवटी येतो.

भारताच्या भूमीवर समुद्रमृतांसाठी जे काही उभे राहिले त्याचे तीन नमुने मराठी वाचकाने एकत्र ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला नमुना सर्वांत जुना आणि मराठी मातीतला. मुंबईच्या बोरिवली उपनगरातील एकसर येथे सहा वीरगळांचा समूह होता. त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौका कोरलेल्या आहेत, नौकांवर लढणारी माणसे आहेत, पाण्यात पडणारी माणसे आहेत, आणि वरच्या पट्टांत मृतांना अप्सरा स्वर्गी नेत आहेत. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यात १२६५च्या सुमारास झालेल्या आरमारी युद्धाशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. दगड ज्याच्यासाठी उभारला तो बहुधा सरदार असावा. तथापि शिल्पकाराने वल्हेकरी वगळले नाहीत. ते लहान आहेत, एकसारखे आहेत, पण आहेत. आज त्या दगडांवर कोणाचेही नाव वाचता येत नाही. येथे आकृती उरली, नाव गेले.

दुसरा नमुना कलकत्त्याचा. हेस्टिंग्ज भागात, प्रिन्सेप घाटाजवळ, हुगळीच्या काठी लस्करांचा स्मृतिस्तंभ आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या बंगाल व आसामच्या ८९६ खलाशांसाठी जहाज-कंपन्या आणि व्यापारी संस्थांनी तो बांधविला; ६ फेब्रुवारी १९२४ रोजी गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी त्याचे अनावरण केले. वास्तुकार कीर यांनी त्याला पौर्वात्य रूप दिले: चारी अंगांना जुन्या नौकेच्या तोंडासारखे पुढे आलेले भाग, लाटांची नक्षी, छज्जे, वर घुमट. पुढे तो दुर्लक्षित झाला आणि १९९४ मध्ये नौदलाच्या पुढाकाराने त्याचा जीर्णोद्धार झाला. स्तंभ देखणा आहे, आणि त्याच्यावरचा आकडा नेमका आहे. आकडा नेमका असणे ही लहान गोष्ट नव्हे. ‘शेकडो’ आणि ‘८९६’ यांत मोठे अंतर आहे, कारण दुसरा मोजताना कोणीतरी शेवटच्या माणसापर्यंत गेलेला असतो. पण मोजणाऱ्याने ज्या यादीवर बोट ठेवून मोजले, ती यादी स्तंभावर उतरली नाही. येथे आकडा उरला, नाव आत राहिले.

तिसरा नमुना मुंबईचा, आणि तो सर्वांत कमी पाहिला गेलेला आहे. मशीद बंदराच्या भागात, गोदीच्या लगत, हिंदी खलाशांसाठी बांधलेले निवासगृह आहे. पहिल्या महायुद्धात ज्यांना समुद्रावाचून दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांची नावे तेथे धातूच्या पट्टांवर आहेत. दुसऱ्या महायुद्धातील नावांची तर एक वहीच आहे. रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे चारशे आणि व्यापारी नौकांवरचे सहा हजारांच्या आसपास, असे मिळून सहा हजार चारशेहून अधिक जण तिच्यात नोंदलेले आहेत. तिची एक प्रत मुंबईत आणि दुसरी चितगावच्या युद्धस्मशानात आहे. फाळणीने देश वेगळे केले, पण मृतांची यादी दोन्हीकडे एकच राहिली. लंडनमध्ये टॉवर हिलवर व्यापारी नौकांच्या खलाशांचे मोठे स्मारक १९२८ मध्ये उभे राहिले आणि १९५५ मध्ये वाढविले गेले. छत्तीस हजारांच्या जवळपास नावे तेथे उघड्या बागेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी आहेत. त्याच जहाजांवर, त्याच पाणतीरांनी मेलेल्या हिंदी खलाशांची सोय मुंबई-चितगावला झाली: नावे आहेत, परंतु दाराच्या आत, एका विशिष्ट इमारतीत, एका वहीत. येथे नाव उरले, वाचक उरला नाही.

आकृती, आकडा आणि नाव यांची ही फारकत केवळ सरकारी दुर्लक्षातून आली, असे म्हणणे सोपे आहे; ते पुरेसे नाही. लोकस्मृतीची रीतही तशीच आहे. १८८८च्या नोव्हेंबरात सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून दूर ‘वैतरणा’ नावाची आगबोट सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली; गुजराती लोकगीताने ती ‘वीजळी’ या नावाने जिवंत ठेवली. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिना उरला नव्हता तेव्हा, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक जण बुडाले. गटारी अमावास्येचा तो दिवस अलिबागकडच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. दोन्हीकडे ध्यानात राहिली ती नाव. ते नाव, म्हणजे माणसांचे, घराघरांत विखरून गेले. लोकस्मृतीला एक ठसठशीत नाम लागते, आणि जहाज ते पुरविते. होमरच्या ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गातही नौकांची प्रसिद्ध यादी आहे: कोणत्या नायकाने किती नौका आणल्या ते तेथे नेटकेपणाने सांगितले आहे. नायकांना नाव आहे, नौकांना संख्या आहे. वल्ही मारणाऱ्यांना दोन्ही नाही. महाकाव्याने जे केले तेच पुढे स्तंभांनी केले.

राष्ट्राची स्मृती आणखी एका चाळणीतून जाते. तिला शत्रू लागतो. ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘खुकरी’ ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीने बुडविली. अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबत गेले. दीवच्या किनाऱ्यावर त्यांचे स्मारक आहे, आणि ते असलेच पाहिजे. विशाखापट्टणम्‌च्या समुद्रकिनाऱ्यावरही त्याच युद्धातील विजयाचे स्मारक आहे. परंतु जो खलाशी शत्रूच्या हातून मेला नाही, वादळाने, फुटक्या तळाने, हललेल्या मालाने मेला, त्याला या चाळणीतून वाट नाही. लस्करांची अडचण दुहेरी होती. शत्रू होता, पण तो साम्राज्याचा शत्रू होता. युद्ध होते, पण ते दुसऱ्याचे होते. स्वतंत्र देशाला त्यांचा हुतात्मा करता येईना आणि साम्राज्याला त्यांचा बरोबरीचा सैनिक करवेना. ते पोटासाठी गेले होते. मराठीत ‘पोटासाठी’ हा शब्द थोडा आवाज उतरवून उच्चारला जातो. ध्येयासाठी मरणारा मोठा आणि पोटासाठी मरणारा कसाबसा क्षम्य, अशी एक छुपी श्रेणी त्या उच्चारात असते. वस्तुतः जगाचे धान्य, कोळसा, तेल आणि पोलाद हलते ते पोटासाठी निघालेल्या माणसांमुळेच. सामान्य खलाशाचे स्मारक ही श्रेणी मोडते. म्हणूनच ते उभारणे अवघड जाते.

हा विषय युद्धांबरोबर संपलेला नाही. ३० जून १९७९ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून लोहखनिज भरून ‘कैराली’ नावाचे भारतीय जहाज निघाले. ३ जुलैनंतर त्याचा संदेश आला नाही. सुमारे पन्नास माणसांचे पुढे काय झाले हे समुद्राने सांगितले नाही. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळात मुंबईच्या पश्चिमेस, तेलविहिरींच्या परिसरात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला, ‘वरप्रदा’ ही टगबोटही बुडाली. दोहोंचे मिळून ऐंशीहून अधिक मृत्यू झाले. त्या तराफ्यावर वेल्डर होते, फिटर होते, स्वयंपाकी होते. त्यांतले कितीतरी असे होते की ज्यांच्या गावापासून समुद्र शेकडो कोस दूर आहे. काही देहांची ओळख जनुकीय चाचणीनेच पटू शकली. समुद्र आता केवळ किनाऱ्यावरच्या जातींचे मरण राहिलेला नाही. मध्य भारताच्या खेड्यातला आयटीआय झालेला मुलगा त्याच्यावर जातो. रायपूरला समुद्र नाही, हे वाक्य भूगोलाच्या तासाला बरोबर आहे. मजुरांच्या हिशेबात ते बरोबर राहिलेले नाही.

सामान्य माणसाचे सार्वजनिक स्मारक कसे असावे, याचे उत्तर शोधायला छत्तीसगडला परदेशी जावे लागत नाही. बस्तरमध्ये, दंतेवाड्याजवळ गामावाडा येथे, आणि त्या भागातील कितीतरी रस्त्यांच्या कडेला, माडिया गोंडांचे स्मृतिस्तंभ उभे आहेत. काही अनघड पाषाणाचे, काही कोरीव लाकडाचे, अलीकडचे रंगविलेले. त्यांवर मृताचे जगणे असते: बैल, मोर, शिकार, नाच, आणि अलीकडे सायकल नि मोटारही. तो राजा नसतो, हुतात्मा नसतो. तो होता, एवढे कारण त्या समाजाला पुरते. आणि स्तंभ घराच्या परसात न ठेवता वाटसरूच्या वाटेवर ठेवला जातो. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात एल्पेनॉर नावाचा एक साधा खलाशी आहे. शूर नाही, फारसा शहाणाही नाही. गच्चीवरून पडून मेलेला. पाताळात भेटलेल्या ओडिस्यूसकडे तो एकच मागणे मागतो: समुद्रकाठी आपल्यासाठी मातीचा ढीग रचावा आणि आपण जिवंतपणी जे वल्हे मारले ते त्यावर रोवावे. ज्या काव्यपरंपरेने वल्हेकऱ्यांना यादीबाहेर ठेवले तिनेच हे एक वल्हे रोवून ठेवले. बस्तरचा कारागीर आणि तो ग्रीक कवी यांची भेट होण्याचा संभव नव्हता. पण दोघांनाही एक गोष्ट ठाऊक होती की माणसाचे काम त्याच्या थडग्यावर ठेवले म्हणजे येणाऱ्याला तो ओळखता येतो.

रायपूरच्या महादेव घाटावर कार्तिकी पौर्णिमेला मेळा भरतो, खारूनच्या पाण्यात दिवे सोडले जातात. खारून शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला, महानदी ओडिशातून समुद्राला. त्याच पौर्णिमेला ओडिशात लोक केळीच्या सोपटांच्या, कागदाच्या लहानशा होड्या पाण्यावर सोडतात. पूर्वी समुद्रापार गेलेल्या साधव व्यापाऱ्यांची ती आठवण आहे. एकाच नदीकुळाच्या वरच्या टोकाला दिवा आहे, खालच्या टोकाला होडी आहे. त्या होडीवर कोणाचेही नाव लिहिलेले नसते. विधीचे सामर्थ्य त्यात आहे आणि मर्यादाही. विधी सर्वांसाठी असतो, म्हणून एकेकाला विसरतो.

आता मुंबईच्या त्या वहीकडे पुन्हा वळावे लागते. तिच्यातली नावे आज राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संगणकीय सूचीत शोधता येतात. ही मोठीच सोय आहे. परंतु शोधणे आणि गाठ पडणे यांत अंतर आहे. शोधणाऱ्याला नाव आधी ठाऊक असावे लागते. दगडावरचे नाव, ज्याने शोधले नाही त्यालाही भेटते. स्मारकाचे सार्वजनिकपण याच भेटीत असते. शिवाय ही नावे रोमन लिपीत आहेत, आणि ती परक्या कारकुनाच्या कानातून कागदावर उतरलेली आहेत. रोमन लिपीतल्या एका अक्षरात ‘अ’ही असतो आणि ‘आ’ही, ‘त’ही असतो आणि ‘ट’ही, ‘द’ही असतो आणि ‘ड’ही. दाभोळचा डाभोल होतो, दापोलीचा डापोली. बापाचे नाव आडनावाच्या जागी जाते, गावाचे नाव जातीच्या जागी. ज्याचे केवळ नाव उरले, त्याचे नावच चुकीचे उरावे, ही दुसरी जलसमाधी होय.

येथे साहित्याच्या अभ्यासकाला एक काम आहे, आणि ते त्याच्या विद्येच्या अगदी गाभ्यातले आहे. मराठी संशोधकांनी शतकाहून अधिक काळ पोथ्यांच्या पाठचिकित्सेवर वेचला. एका ओवीतला एक प्रत्यय मूळचा की लेखकाच्या हातून पालटलेला, हे ठरविण्यासाठी माणसांनी आयुष्ये घातली, आणि त्या कष्टांचे मोल कोणी नाकारणार नाही. त्याच शास्त्राने या नामावलीची एक प्रत सिद्ध करता येईल. प्रत्येक नाव त्याच्या स्वतःच्या लिपीत, कोकणी माणसाचे देवनागरीत आणि उर्दूत, कच्छ्याचे गुजरातीत, सिल्हेटच्या माणसाचे बंगालीत; गावाचे नाव आजच्या नकाशाशी ताडलेले; संशयित पाठ संशयित म्हणून दाखविलेला. असा ग्रंथ महाकाव्यांच्या शेजारी ग्रंथालयाच्या फळीवर ठेवला तर तो तेथे परका वाटणार नाही. महाकाव्याने जी रांग सोडली ती त्याने भरलेली असेल. आणि अशा ग्रंथातून एखाद्या तालुक्याच्या गावी, बसथांब्याशेजारी, त्या तालुक्यातली दहा-वीस नावे दगडावर उतरविणे मग कठीण राहणार नाही.

समुद्रात गेलेल्याला समुद्र परत करीत नाही. ते कोणाच्या हाती नाही. त्याचे नाव अचूक लिहिणे आणि चारचौघांच्या वाटेवर ठेवणे एवढे मात्र माणसांच्या हाती आहे. त्यासाठी जहाज लागत नाही, बंदर लागत नाही. ज्या शहरात ग्रंथालय आहे आणि तेथे बसून मोठ्याने एकेक नाव वाचून पाहणारा विद्यार्थी आहे, त्या शहरात हे काम सुरू करता येते. रायपुरात ही दोन्ही आहेत.